घरात बसलेल्या मुलाचे वर्ष कुणाच्या खात्यावर?



कारकुनाला हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. सरकार हिशेब मांडते तो किती कोटी मंजूर झाले याचा. पुढारी मांडतात तो किती फिती कापल्या याचा. आपण कष्टकरी माणसांनी मात्र एकच हिशेब विचारायचा असतो : आमच्या घरातल्या पोरापर्यंत त्यातले काय पोचले? या वेळी भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांसाठी असाच हिशेब मांडू या. खाते आहे विशेष शिक्षणाचे आणि तांत्रिक शिक्षणाचे. मुदत ऑक्टोबर 2024 ते ऑक्टोबर 2025, म्हणजे बरोबर एक वर्ष.

विशेष शिक्षण म्हणजे ज्या मुलाला दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही किंवा जे इतरांपेक्षा हळू शिकते, त्याला त्याला जमेल त्या पद्धतीने शिकवणे. तांत्रिक शिक्षण म्हणजे हाताला हुन्नर देणारे शिक्षण. आयटीआय, तंत्रनिकेतन, शाळेतले तंत्रविषय हे सगळे त्यात आले. ही दोन खाती एकत्र का घेतली, असे कुणी विचारील. कारण आपल्या वस्त्यांतून फिरताना दोन प्रकारची मुले घरात बसलेली दिसतात. एक दिव्यांग मूल, ज्याला आपण पूर्वी अपंग म्हणायचो, आणि दुसरे दहावीत गणित-इंग्रजीत गेलेले मूल. एकाला शाळेने नीट घेतले नाही आणि दुसऱ्याला शाळेने सोडले. दोघांच्याही आया एकच वाक्य बोलतात, “काय करतंय? बसलंय घरी.”

मुलूख कसा आहे ते आपल्याला ठाऊक आहे. भोर तालुका भाटघर आणि नीरा देवघर धरणांच्या काठाने डोंगरात शिरलेला, तर वेल्हे तोरणा आणि राजगडाच्या कुशीत. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये घेतला, पण आपल्या तोंडात अजून वेल्हेच आहे. 2011 च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या 1 लाख 86 हजार होती आणि वेल्ह्याची 54 हजार. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे शंभरात अडीचपेक्षा थोडे जास्त. हेच प्रमाण लावले तर या दोन तालुक्यांत मिळून सहा हजारांवर दिव्यांग माणसे असावीत. तेव्हा मोजणी आठ प्रकारांची झाली होती. आज कायद्यात एकवीस प्रकार आहेत. म्हणजे खरा आकडा याहून मोठाच निघेल.

जमेची बाजू : विशेष शिक्षण

आधी जमा लिहू. चांगले झाले ते चांगले म्हणायला लाजायचे कशाला?

1995 साली दिव्यांगांसाठी जो कायदा झाला त्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. 2016 चा नवा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि प्रकार एकवीस झाले. त्यात ‘अध्ययन अक्षमता’ आली. डोके चांगले चालते, हात चलाख आहेत, पण अक्षरे उलटसुलट दिसतात, आकडे जागेवर राहत नाहीत, अशी ही मुले. 2007 च्या ‘तारे जमीन पर’ सिनेमात आपण असा मुलगा पाहिला आणि डोळे पुसले. पण तसाच मुलगा आपल्या घरात असला की त्याला आपण ‘ढ’ म्हणतो. या कायद्याच्या 31 व्या कलमाने 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ते शिक्षण जवळच्या शाळेत घ्यायचे की विशेष शाळेत, हे निवडायचा हक्कही त्यात आहे. शिक्षण हक्क कायदा 14 व्या वर्षी थांबतो, हा 18 पर्यंत जातो. ही चार वर्षे फार मोलाची आहेत.

पण शिकवणार कोण? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये प्रमाण ठरवून दिले होते : प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि पुढच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक. कागद निघाला, शिक्षक निघाले नाहीत. जे होते ते वर्षानुवर्षे कंत्राटावर राबत होते. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य सरकारने प्रत्येक शैक्षणिक केंद्रासाठी एक याप्रमाणे विशेष शिक्षकांची 4,860 पदे मान्य केली आणि कंत्राटी शिक्षकांना त्यात सामावून घ्यायचे ठरवले. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावले की विशेष शिक्षकांची पदे ठरवून जाहीर करा. केंद्र म्हणजे आठ-दहा-पंधरा शाळांचा गट. म्हणजे भोर-वेल्ह्यातल्या प्रत्येक केंद्रालाही एक हक्काचे पद आहे. पालकांनी हे पाठ करून ठेवावे. आपल्या केंद्राचा विशेष शिक्षक कोण, तो आपल्या शाळेत कोणत्या वारी येतो, हे विचारणे म्हणजे भांडण काढणे नव्हे.

आणखी एक जमा. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना मिळणारे महिना 1,500 रुपये ऑक्टोबर 2025 पासून 2,500 करण्याचा निर्णय झाला. हजार रुपये वाढले, घराला आधार झाला. मात्र हे पैसे शिक्षणाच्या ऐवजी नाहीत, शिक्षणाच्या जोडीला आहेत. पेन्शन लागली म्हणून मूल घरी ठेवले, तर आपण अडीच हजारांत त्याचे आयुष्य विकले असे होईल.

जमेची बाजू : तांत्रिक शिक्षण

भोरला शासकीय आयटीआय आहे, वेल्ह्यालाही आहे. धांगवडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. महामार्गाला लागले की खेड-शिवापूर, नसरापूर आणि नीरा ओलांडली की शिरवळ. कारखाने काही आपल्यापासून सात समुद्रापार नाहीत.

4 ऑक्टोबर 2025 रोजी केंद्र सरकारने ‘पीएम सेतू’ योजना सुरू केली. देशातल्या 1,000 सरकारी आयटीआय सुधारण्यासाठी 60 हजार कोटी रुपयांची ही योजना आहे. त्यात 200 मोठ्या संस्था आणि त्यांना जोडलेल्या 800 लहान संस्था असतील. लगेच 8 ऑक्टोबरला महाराष्ट्राने 400 सरकारी आयटीआय आणि 150 सरकारी तांत्रिक विद्यालयांतून अल्प मुदतीचे रोजगार अभ्यासक्रम सुरू केले. एकूण 2,500 तुकड्या, त्यांपैकी 364 फक्त महिलांसाठी, आणि 408 सौर ऊर्जा, विजेवरची वाहने अशा नव्या विषयांच्या. चार भिंतींत अडकलेल्या आपल्या सुनांना, दहावी होऊन बसलेल्या लेकींना हे उपयोगी आहे. जवळच्या आयटीआयमध्ये यांतली कोणती तुकडी आहे, ते फाटकाशी उभे राहून नव्हे, आत जाऊन विचारावे.

आयटीआयविषयी आपल्या लोकांच्या मनात एक अढी आहे. पोरगं बारावी-बीए करतंय म्हटले की मान ताठ, आणि आयटीआय करतंय म्हटले की आवाज खाली. ही अढी काढली पाहिजे. वायरमन, वेल्डर, सुतारकाम, शिवणकाम अशा काही ट्रेडना दहावी पास असण्याचीही अट नसते. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा, वायरमन, फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. दहावी करून दोन वर्षांचा आयटीआय केला की तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. म्हणजे वाट बंद होत नाही, फक्त वळण घेऊन पुढे जाते.

हे मी आज सांगतो असे नाही. 1942 च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला त्यांनी सरकारला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात शिक्षणाबद्दल त्यांचे म्हणणे स्वच्छ होते. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी या समाजाचे भागणार नाही. विज्ञान आणि तंत्रशिक्षण महाग आहे, गरिबाला परवडत नाही, म्हणून त्याचा खर्च सरकारने उचलावा. आमच्या मुलांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी त्यांनी केली. जो माणूस स्वतः बॅरिस्टर आणि डॉक्टरेट होता, त्याने आपल्या पोरांसाठी छापखान्यातली उमेदवारी मागितली. कारण पदवीने मान मिळतो, पण यंत्र चालवता येणाऱ्या हाताला कोणी शिवू नको म्हणू शकत नाही, हे त्यांना कळत होते.

नावेची बाजू

आता नावे. इथे पेन जड होते.

वेल्ह्याकडच्या एका वाडीत एक माउली मला म्हणाली, “भाऊ, पोरगं ऐकत न्हाई, बोलत न्हाई. पर बंद पडल्याला पंखा खोलून परत चालू करतंय. त्याला कुठल्या शाळंत घेत्याल?” पोरगे चौदा वर्षांचे. चौथीपर्यंत वर्गात मागे बसले, मग येणे बंद झाले. त्याचे नाव हजेरीत किती दिवस होते कुणास ठाऊक. मी विचारले, “मावशी, दाखला काढलाय का?” ती म्हणाली, “दोनदा गेलो. एकदा साहेब नव्हतं, एकदा मशीन बंद. रोज बुडतो, गाडीभाडं जातं. मग गेलोच न्हाई.”

या एका उत्तरात सगळी नावेची बाजू आली. मुलगा हुन्नरी आहे, आयटीआय तालुक्याच्या गावी आहे, कायदा आहे, योजना आहे. आणि तरी मुलगा उंबऱ्याच्या आत आहे. विशेष शिक्षणाच्या वहीत त्याचे नाव गळाले, म्हणून तांत्रिक शिक्षणाच्या वहीत ते चढलेच नाही. दोन खात्यांचे दोन साहेब, दोन टेबले, दोन अर्ज. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर मूल नेणारा माणूस मात्र कोणत्याच खात्याने नेमलेला नाही.

हिशेबात एक सोय असते. यंदा जुळले नाही तर बाकी पुढच्या वर्षी ओढता येते. मुलाच्या वयाचे तसे होत नाही. चौदावे वर्ष घरात गेले, ते पुढच्या सालात ओढता येत नाही. अठरा पुरे झाले की मोफत शिक्षणाचा हक्कही संपतो. म्हणून साहेब नसण्याची, मशीन बंद असण्याची किंमत गाडीभाड्याइतकी नसते. ती एका वर्षाइतकी असते, आणि ती ते मूल भरते.

दिव्यांगाने हुन्नर शिकावा, हे नवे नाही

दिव्यांग पोरगा कारखान्यात काय करणार, असे काही पालकच म्हणतात. त्यांना खडकीकडे बघायला सांगतो. पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावलेल्या जवानांसाठी 1917 साली क्वीन मेरी टेक्निकल संस्था सुरू झाली. ती पुण्याच्या खडकीत आहे आणि दिव्यांग जवानांना तिथे तंत्रकामाचे शिक्षण मिळत आले आहे. गोळीने पाय गेलेला जवान यंत्रावर बसू शकतो, तर पोलिओने पाय गेलेला आपला भाचा का नाही? शंभर वर्षांपूर्वी जे सैन्याला उमगले, ते वाडीला अजून उमगायचे आहे.

आयटीआयच्या प्रत्येक ट्रेडच्या अभ्यासक्रमात तो ट्रेड कोणत्या प्रकारच्या दिव्यांगांना शिकता येतो, हे छापलेले असते. प्रवेशाच्या वेळी कुणी तोंडी “जमणार नाही” म्हटले, तर शांतपणे म्हणावे, “साहेब, अभ्यासक्रमाचं ते पान जरा काढून दाखवा.” कागदाला कागदाने उत्तर द्यावे. आवाज चढवायची गरज पडत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. परदेशात पीएचडी केलेला, मोठ्या कंपनीत शास्त्रज्ञ असलेला हा माणूस खेड्यात येऊन राहिला, कारण शाळेत नापास ठरलेली मुले हाताने काम करताना हुशार असतात, हे त्यांनी ओळखले होते. तिथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय पुढे आठवी ते दहावीच्या शाळांत गेला. वेल्डिंग-बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती-पशुपालन, अन्न आणि आरोग्य, असे सगळे मुले-मुली मिळून करतात. पुस्तकात न बसणाऱ्या मुलाला इथे पहिल्यांदा शाबासकी मिळते. आपल्या दोन तालुक्यांतल्या माध्यमिक शाळांच्या पालक सभेत हा विषय निघायला हवा. दिव्यांग मुलालाही त्या तासाला बाहेर बसवायचे नाही, ही अट त्याच सभेत मांडायला हवी.

आपण काय करायचे?

सरकारने काय करायला पाहिजे याची यादी मोठी आहे आणि ती मागत राहू. पण आपल्या हातातले काही आहे, ते आजपासून करता येते.

पहिले, वस्तीची यादी. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की लगेच उठू नये. वहीत लिहावे : आपल्या वस्तीत 6 ते 18 वयाची किती मुले घरी आहेत, का घरी आहेत. लाज धरू नये. मूल लपवले की हक्कही लपतो. ही यादी मुख्याध्यापकांना आणि पंचायत समितीच्या गट साधन केंद्राला द्यावी आणि पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे केलेलाच नाही, असे समजावे.

दुसरे, दिव्यांगत्वाचे युडीआयडी कार्ड. त्याशिवाय पुढची कोणतीच सवलत हलत नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो, वस्तीतल्या कॉलेजच्या मुलाने तो भरून द्यावा. तपासणीला औंधच्या जिल्हा रुग्णालयात जायचे असेल तर एकेकट्याने रोज बुडवून जाऊ नये. तपासणीचा वार आधी विचारून चार-पाच कुटुंबांनी एकत्र जावे, सोबत एक शिकलेला तरुण न्यावा. एकट्या बाईला “उद्या या” म्हणणे सोपे असते. पाच जणांना म्हणताना साहेबही जरा थांबतो.

तिसरे, शाळेतल्या सवलती. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलींना महिना 200 रुपयांप्रमाणे वर्षाचे दहा महिने भत्ता आहे. मुलांच्या गरजेप्रमाणे ने-आण करण्याचा भत्ता, मदतनीस, साहित्य यांचीही तरतूद आहे. जे मूल अंथरुणावरून उठू शकत नाही, त्याला घरी येऊन शिकवण्याचीही सोय आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र मुलांना लेखनिक आणि तासाला वीस मिनिटे जादा मिळतात. मात्र त्याचा अर्ज वर्षाच्या सुरुवातीला शाळेमार्फत जावा लागतो, परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे.

चौथे, आयटीआयची तयारी निकालाआधी. निकाल लागला की सेतू केंद्रावर रांगा लागतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी ही कामे मार्च-एप्रिलमध्येच सुरू करावीत. 1990 मध्ये केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या, त्यासाठी आपल्या बापजाद्यांनी चौतीस वर्षे मागणी लावून धरली होती. तो हक्क एका न काढलेल्या दाखल्यापायी वाया घालवू नये. पुण्यात राहून शिकायचे आणि वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर समाजकल्याण खात्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आपल्या कोर्सला ती लागू आहे का आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना गुणांत किती सूट आहे, ते समाजकल्याण कार्यालयात विचारावे.

पाचवे, नोकरदारांनी आणि कामगारांनी एवढे करावे. जो कारखान्यात आहे त्याने आपल्या कारखान्यात उमेदवार कधी घेतात याची बातमी वस्तीत आणावी. उमेदवारी कायदा 1961 पासून आहे. जागा निघतात, भरतात, आणि आपल्याला कळते ते भरून झाल्यावर. वेल्डिंगचे दुकान चालवणाऱ्या, मोटार वाइंडिंग करणाऱ्या आपल्या भावांनी सुट्टीत एका दिव्यांग पोराला हाताखाली घ्यावे. आधी बघू तर दे, हात लावू तर दे. पुढे आयटीआयला गेल्यावर तो बुजणार नाही.

बाकी

तर वर्षाची बेरीज अशी. जमेला पदे आली, योजना आल्या, न्यायालयाचे शब्द आले, रक्कम वाढली. हे खोटे नाही आणि कमीही नाही. नावे बाजूला एकच ओळ आहे : मूल अजून घरी आहे. माझ्या शिक्षणाप्रमाणे दोन्ही बाजू जुळल्याशिवाय ताळेबंदावर सही करायची नसते. या वर्षाच्या ताळेबंदावर मी सही करणार नाही, तुम्हीही करू नका.

सभेत टाळ्या वाजवून ही ओळ खोडली जाणार नाही. ती एकेका नावाने खोडावी लागेल. प्रत्येक वस्तीने पुढच्या जूनपर्यंत फक्त एक दिव्यांग मूल शाळेत आणि एक घरी बसलेले पोर आयटीआयच्या फाटकाच्या आत पोचवायचे. दोनच नावे. विहाराच्या फळ्यावर ती खडूने लिहा आणि काम झाल्याशिवाय पुसू नका. पंखा दुरुस्त करणाऱ्या त्या मुक्या पोराचे नाव त्याच्या वाडीच्या फळ्यावर पहिले लिहिले आहे. त्याच्या आईला आता तिसऱ्यांदा जायचे आहे, आणि या वेळी तिच्यासोबत चार घरे जाणार आहेत.

जय भीम.